मत्स्यशेतीतले उपयुक्त जिवाणू : बेळगाव सीमाभागातल्या शेतकऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

निपाणी-चिकोडीकडची शेततळी असोत, खानापुरातली जुनी गावतळी असोत किंवा अथणी-रायबागच्या उसाच्या पट्ट्यातले नवे खड्डे असोत, कटला-रोहू सोडणाऱ्यांची संख्या वाढली आणि पाठोपाठ दुकानांत प्रोबायोटिकची पाकिटंही आली. पाकिटावरचा मजकूर बहुतेक वेळा इंग्रजी, फार तर कन्नड. शंका मात्र मराठीत विचारल्या जातात. त्यातल्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या शंकांची उत्तरं इथं दिली आहेत.

प्रोबायोटिक म्हणजे नेमकं काय? हे औषध आहे का?

औषध नाही. पुरेशा संख्येनं दिले तर खाणाऱ्याच्या आरोग्याला फायदा करतात असे जिवंत सूक्ष्मजीव, अशी त्याची व्याख्या संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या तज्ज्ञांनी २००१ साली केली. त्यातले ‘जिवंत’ आणि ‘पुरेशा संख्येनं’ हे दोन शब्द लक्षात ठेवा. पाकीट घेताना फसगत होते ती याच दोन ठिकाणी.

मत्स्यशेतीत जास्त वापर होतो तो बॅसिलस गटाचा : बॅसिलस सबटिलिस, बॅसिलस लायकेनिफॉर्मिस, बॅसिलस मेगाटेरियम. त्यांच्या जोडीला लॅक्टोबॅसिलस आणि यीस्ट असतं. बॅसिलस प्रतिकूल काळात बीजाणू तयार करतो, म्हणजे कडक कवचात झोपी जातो. त्यामुळे तो पावडरीत महिनोन्‌महिने टिकतो आणि ओल मिळाली की जागा होतो. माशांना बॅसिलसचे बीजाणू खाद्यातून दिल्याचं सुरुवातीचं काम जपानमधून १९८६ साली प्रसिद्ध झालं, यलोटेल नावाच्या समुद्री माशावर. गोड्या पाण्यात हे पुढं आलं.

माशाच्या पोटात जाऊन हे जिवाणू करतात काय?

एक, आतड्यात जागा आणि अन्न अडवतात, त्यामुळे एरोमोनाससारख्या रोगकारक जिवाणूंना पाय रोवायला वाव कमी मिळतो. दोन, पिष्ट, प्रथिनं आणि चरबी फोडणारी विकरं (एन्झाइम) तयार करतात, त्यामुळे पेंड-कोंड्यासारखं खाद्य थोडं जास्त पचतं. तीन, माशाची स्वतःची प्रतिकारशक्ती सावध ठेवतात. लॅक्टोबॅसिलस आम्लही तयार करतो, ते कित्येक रोगजंतूंना मानवत नाही.

कटला, रोहू, मृगळ, सायप्रिनस या कार्प कुळातल्या माशांना जठरच नसतं, घशातून अन्न सरळ आतड्यात जातं. तिथं तीव्र आम्लाचा टप्पा नाही, म्हणून खाद्यातून दिलेले जिवाणू जिवंत पोचण्याची शक्यता बरी असते. पंगस, तिलापिया, मरळ यांना जठर असतं. त्यांच्यासाठी बीजाणू करणारा बॅसिलसच निवडावा.

हे पाहुणे आतड्यात कायमचे राहत नाहीत, एवढं मात्र ध्यानात असू द्या. खाद्यातून देणं थांबवलं की काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत ते धुऊन जातात. एकदा देऊन वर्षभर निर्धास्त राहता येत नाही.

पाण्यात टाकू की खाद्यातून देऊ?

मला सगळ्यांत जास्त बोलावंसं वाटतं ते या प्रश्नावर, कारण इथंच सर्वांत जास्त पैसा पाण्यात जातो.

हिशेब मांडून बघा. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. एक गुंठा तळ्यात एक मीटर पाणी असेल तर ते साधारण एक लाख लिटर होतं. हा आकडा पाठ करून ठेवा, सगळ्या मात्रा काढायला उपयोगी पडतो. आता दहा गुंठ्यांचं तळं, दीड मीटर खोल, म्हणजे १५ लाख लिटर पाणी. चांगल्या पाकिटात एका ग्रॅमला १०० कोटी जिवाणू असतात. एक किलो पाकीट म्हणजे एक लाख कोटी. आकडा डोळे दिपवणारा आहे, पण १५ लाख लिटरमध्ये तो पसरला की दर मिलिलिटरला जेमतेम साडेसहाशे जिवाणू येतात. तळ्याच्या पाण्यात मुळातच दर मिलिलिटरला लाखोंनी जिवाणू असतात. त्या गर्दीत या साडेसहाशेंचा निभाव लागायचा तर त्यांना वाढायला अन्न, ऑक्सिजन आणि योग्य सामू (पीएच, म्हणजे पाण्याचा आम्ल-अल्कपणा) मिळायला हवा. ते नसेल तर किलोभर पावडर नुसती विरघळली, एवढंच.

आता तीच पावडर खाद्यात घाला. किलोभर खाद्याला दहा ग्रॅम म्हणजे खाद्याच्या प्रत्येक ग्रॅमला एक कोटी जिवाणू. पाच ग्रॅम घातली तरी पन्नास लाख. प्रयोगांतून परिणाम दिसतो तो बहुधा ग्रॅमला दहा लाख ते दहा कोटी या टप्प्यात, आणि इथं तुम्ही त्यात आरामात बसता. जिवाणूही जिथं हवा तिथं, माशाच्या आतड्यातच जातो.

म्हणून माझं सांगणं एवढंच : मातीच्या साध्या तळ्यात आधी खाद्यातून द्या. पाण्यातून देण्याला अर्थ आहे तो लहान टाक्या, बायोफ्लॉक (टाकीतच जिवाणूंचे पुंजके वाढवून केलेली दाट मत्स्यशेती), मत्स्यबीज संगोपनाची छोटी तळी आणि प्लास्टिक अस्तराची शेततळी यांत, तेही ठरावीक अंतरानं पुन्हा पुन्हा दिलं तरच.

खाद्यात मिसळायचं कसं?

तांदळाची पातळ पेज करून पूर्ण गार होऊ द्या. कोमट सुद्धा नको. त्यात मोजून पावडर कालवा, खाद्याच्या गोळ्यांवर शिंपडून हलक्या हातानं फिरवा आणि सावलीत अर्धा तास पसरून ठेवा. उन्हात वाळवू नका. भिजवलेलं खाद्य त्याच दिवशी संपवा, दुसऱ्या दिवशी त्याला बुरशी धरते.

कारखान्यात तयार होतानाच प्रोबायोटिक घातलंय असं खाद्याच्या पोत्यावर लिहिलं असेल तर कोणता जिवाणू आहे ते बघा. गोळी करताना खाद्य चांगलंच तापतं. बॅसिलसचे बीजाणू त्यातून तग धरू शकतात, लॅक्टोबॅसिलस आणि यीस्ट बहुधा नाही.

पाकिटावर काय वाचायचं?

जिवाणूचं पूर्ण नाव, ग्रॅमला किती जिवाणू, उत्पादनाची तारीख, मुदत, बॅच क्रमांक आणि साठवणुकीचं तापमान. जिवाणूंची संख्या ‘सीएफयू’ या एककात लिहितात. दहावर नऊ घात म्हणजे १०० कोटी, दहावर सहा घात म्हणजे दहा लाख. दोन पाकिटांची किंमत सारखी असली तरी त्यांच्या ताकदीत हजारपट फरक असू शकतो, तो या बारीक आकड्यात दडलेला असतो. ‘बहुउपयोगी जिवाणूंचं मिश्रण’ एवढंच लिहिलेलं, ना नाव ना संख्या, असं पाकीट सरळ परत करा. दुकानदार ओळखीचा असला तरी.

आणखी एक. अमोनिया खाणारे नायट्रोसोमोनास आणि त्यातून बनलेलं नायट्राइट खाणारे नायट्रोबॅक्टर कोरड्या पावडरीत आहेत, असा दावा बऱ्याच पाकिटांवर असतो. हे जिवाणू बीजाणू करत नाहीत, सुकवले की टिकणं त्यांना अवघड जातं. ते वाढतातही सावकाश. बॅसिलसला अनुकूल स्थितीत दुप्पट व्हायला अर्धा तास पुरतो, यांना बारा-बारा तास, कधी दिवसाहून जास्त लागतो. तेव्हा दुकानात उन्हात पडलेल्या कोरड्या पाकिटातून हे जिवाणू मिळतील यावर मी तरी पैसे लावणार नाही. थंडाव्यात ठेवलेलं, मुदतीतलं द्रवरूप उत्पादन असेल तर गोष्ट वेगळी.

ड्रममध्ये गूळ घालून जिवाणू वाढवले तर चालेल?

चालेल, पण स्वच्छता पाळणार असाल तरच. आपल्या भागात गुऱ्हाळं जवळ असल्यानं गूळ-काकवीची अडचण नाही. घ्यायचा तो काळपट, बिनकेमिकलचा गूळ. पिवळाधमक दिसावा म्हणून हायड्रॉस हे रसायन मारलेला गूळ जिवाणूंच्या कामाचा नाही. ड्रम घासून, उन्हात वाळवून घ्या. नळाचं पाणी असेल तर ते एक दिवस उघडं ठेवा, त्यात क्लोरीन असतो. हवेचा पंप सतत चालू पाहिजे. बॅसिलससाठी बारा ते चोवीस तास पुरे. आंबूस-गोड वास आला तर ठीक. सडका, गटारासारखा वास आला तर ते तळ्यात न ओतता शेताच्या कडेला ओता, कारण काय वाढलंय ते कुणालाच सांगता येणार नाही.

त्याच ड्रममधलं थोडं ठेवून पुढच्या वेळी विरजण म्हणून वापरायची पद्धत काही जण सांगतात. ते टाळा. दर फेरीला मूळ जिवाणू कमी होतात आणि बाहेरचे शिरतात.

मग जीवामृत घातलं तर? दही-ताक?

जीवामृत शेतासाठी आहे. त्यात शेण, गोमूत्र, गूळ, बेसन असतं. पाण्यात पडल्यावर त्याचं काम खताचं होतं. प्लवंग (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) वाढतं खरं, पण गोमूत्रातून अमोनियाचा भार पडतो आणि सगळं कुजताना ऑक्सिजन ओढला जातो. खाद्य न देता केवळ प्लवंगावर कार्प पाळणाऱ्या विरळ साठ्याच्या तळ्यात थोडंसं शेण पूर्वीपासून देतात, त्याला हरकत नाही. पण रोज खाद्य पडणाऱ्या तळ्यात पोषणद्रव्यं आधीच जास्त असतात, तिथं जीवामृत ओतू नका.

दह्यात लॅक्टिक आम्लाचे जिवाणू असतात. नुकसान होणार नाही, पण ते दुधात वाढणारे आहेत आणि किती दिले याचा हिशेब राहत नाही. घरचं दही माणसांनीच खाल्लेलं बरं.

आमचं तळं खानापूर तालुक्यात आहे, पाहुण्यांचं अथणीला. दोघांनी सारखंच करायचं का?

मुळीच नाही. एकाच जिल्ह्यात दोन टोकं आहेत.

खानापूरच्या पश्चिमेला, कणकुंबी-जांबोटीकडं, पाऊस धो धो. लाल जांभ्या मातीतला चुना वर्षानुवर्षं धुऊन गेलेला. माती आम्लधर्मी, पाणी मऊ, अल्कता कमी, म्हणजे पाण्याची आम्ल सोसायची ताकद कमी. अमोनियाचं नायट्रेट करणारे जिवाणू एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे सुमारे सात ग्रॅम अल्कता आणि साडेचार ग्रॅम ऑक्सिजन खातात. अल्कताच नसेल तर त्यांचं काम मध्येच अडतं आणि सामू आणखी घसरतो. अशा तळ्यात पाकीट आणण्याआधी चुना. मातीचा सामू ५ ते ६.५ असेल तर हेक्टरी साधारण १,००० ते १,२०० किलो, तळं तयार करतानाच. पाण्याची अल्कता लिटरला ८० मिलिग्रॅमच्या वर आली की मग जिवाणूंचं बघू.

अथणी-रायबागकडं काळी माती, कृष्णेचं पाणी आणि उसाला भरमसाट पाणी दिल्यानं जागोजागी चोपण (क्षारांनी बिघडून घट्ट) झालेली जमीन. इथं सामू आधीच आठच्या वर. अशा पाण्यात चुना घालणं म्हणजे दुखण्यात भर. इथला खरा शत्रू अमोनिया. २५ अंश तापमानाला सामू ७ असेल तर एकूण अमोनियातला अर्ध्या टक्क्याच्या आसपासच भाग विषारी रूपात असतो, ८ ला पाच टक्के, ९ ला तब्बल ३६ टक्के. म्हणजे एकूण अमोनिया तोच, सामू चढला की मासा गुदमरतो. हिरव्यागार पाण्याचा सामू दुपारी चढतो, म्हणून सकाळी आणि दुपारी तीनला, दोन्ही वेळा मोजा. खाद्य कमी करणं, काही पाणी बदलणं आणि खाद्यातून प्रोबायोटिक देऊन ते नीट पचवणं, हा इथला क्रम. अन्न चांगलं पचलं तर विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून येणारा अमोनियाही कमी होतो.

प्लास्टिक अस्तराच्या शेततळ्याचं काय?

मातीचा तळ नसल्यानं तिथं जिवाणूंचं नैसर्गिक बिऱ्हाड कमी असतं. विष्ठा आणि खाद्य तळाशी साचतं, काळं पडतं, कुजक्या अंड्यासारखा वास येतो. इथं बॅसिलस पाण्यातून दिल्याचा उपयोग होऊ शकतो. पण साचलेला काळा गाळ आधी पंपानं ओढून बाहेर काढा, जिवाणूंवर सोपवू नका. तो गाळ उसाला उत्तम.

मासे पहाटे वर येऊन तोंड उघडतात. लगेच प्रोबायोटिक टाकू?

नको! तो ऑक्सिजनचा तुटवडा आहे आणि टाकलेले जिवाणूही ऑक्सिजनच खातात. एरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) लावा, तो नसेल तर पंपानं तेच पाणी उंचावरून फवाऱ्यासारखं पाडा, शक्य असल्यास ताजं पाणी सोडा, त्या दिवशीचं खाद्य बंद. पाण्यातून द्यायचे जिवाणू नेहमी सकाळी ऊन चढल्यावर, नऊ ते अकराच्या दरम्यान द्यावेत. ढगाळ दिवशी आणि संध्याकाळी कधीच नाही.

अंगावर लाल चट्टे, जखमा दिसतात.

पावसाळा संपून थंडी पडताना हे होत असेल तर व्रणरोगाची शंका घ्या. त्याचं मूळ ॲफॅनोमायसिस नावाच्या बुरशीसारख्या जीवात आहे, जखमेत जिवाणू नंतर शिरतात. प्रोबायोटिकनं तो बरा होत नाही. भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यपालन संस्थेनं त्यासाठी सिफॅक्स हे औषध काढलेलं आहे. ते मत्स्य अधिकाऱ्याच्या सल्ल्यानं आणि पाण्याचं माप काढून वापरा. मनानं प्रतिजैविकं देऊ नका. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान तर खाण्याच्या माशांसाठी बंदीच असलेली आहेत.

माशांच्या उवा प्रोबायोटिकनं जातात का?

नाही. त्या जिवाणूंनी मरत नाहीत.

चुना, पोटॅशियम परमँगनेट, ब्लीचिंग यांच्याबरोबर दिलं तर?

एका हातानं पेरायचं आणि दुसऱ्या हातानं उपटायचं, असं होईल. जंतुनाशक चांगला-वाईट जिवाणू ओळखत नाही. पोटॅशियम परमँगनेटनंतर किमान तीन दिवस, ब्लीचिंगनंतर आठवडाभर थांबा. चुन्यानंतरही सामू पूर्वपदावर आलेला मोजून मगच द्या. प्रतिजैविकांचा कोर्स डॉक्टरांनी दिला असेल तर तो संपल्यावर खाद्यातून प्रोबायोटिक सुरू करणं योग्य, कारण आतड्यातले चांगले जिवाणूही तोवर मेलेले असतात.

थंडीत द्यावं का?

कमी. डिसेंबर-जानेवारीत बेळगावकडं रात्री चांगल्याच थंड असतात, पाणी गार पडतं, कार्प मंदावतात, खाद्य अर्ध्यावर येतं. जिवाणूही मंदावतात. त्या दोन महिन्यांत पाण्यातून द्यायचं बंद ठेवा, खाद्यातून थोडं चालू ठेवलं तरी पुरे. फेब्रुवारीत ऊब आली की पुन्हा पूर्ण मात्रा.

पुराचं पाणी शिरलं किंवा नदीला साखर कारखान्याचं मळीमिश्रित पाणी आलं तर?

२०१९ आणि २०२१ च्या पुरात कृष्णा, दूधगंगा, वेदगंगेच्या काठची तळी एकाच पाण्याखाली गेली. पुरानंतर तळ्यात बाहेरचे मासे, कीटकनाशकांचे अंश आणि भरपूर सेंद्रिय घाण येते. आधी पाणी स्थिर होऊ द्या, जाळं ओढून नको असलेले मासे काढा, सामू-ऑक्सिजन मोजा. त्यानंतर जिवाणू.

मळीचं काळपट, वासाचं पाणी नदीत दिसत असेल तेव्हा पंपच चालू करू नका. त्यातला सेंद्रिय भार तासाभरात ऑक्सिजन संपवू शकतो, कुठलंही पाकीट त्यावर मात करत नाही. ज्यांचं तळं नदीवर अवलंबून आहे त्यांनी हंगामात आठ-दहा दिवसांचं पाणी राखून ठेवलेलं बरं.

पण खरंच फरक पडतो का?

पडतो, सगळीकडे नाही. खाद्यातून दिलेल्या बॅसिलसनं वाढ आणि जगणुकीत फायदा झाल्याचे निष्कर्ष कार्प, तिलापिया, कोळंबी अशा बऱ्याच जातींत आले आहेत. पाण्यातून दिलेल्या जिवाणूंचं चित्र तेवढं स्वच्छ नाही. अमेरिकेतल्या ऑबर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी चॅनल कॅटफिशच्या तळ्यांत जिवाणू सोडून बघितले. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या कामात मासे जास्त जगले आणि उत्पादन वाढलं, मात्र पाण्याच्या प्रतीत फारसा फरक आढळला नाही. ‘एका रात्रीत अमोनिया शून्य’ असं कुणी सांगितलं तर हे आठवा.

दोन तळी असतील तर स्वतः करून बघा. एकाच दिवशी, एकाच गाडीतली बोटुकली (बोटाएवढी पिल्लं), सारखी संख्या, सारखं खाद्य, आणि फक्त एका तळ्यात प्रोबायोटिक. दर महिन्याला फेकजाळ्यानं तीस-चाळीस मासे काढून वजन करा आणि वहीत लिहा, खाद्य किती गेलं तेही. विक्रेत्याच्या बोलण्यापेक्षा ती वही तुमच्या गावासाठी जास्त खरी.

असा मासा खाणाऱ्याला काही अपाय?

नावानिशी ओळखलेल्या बॅसिलस सबटिलिस, लॅक्टोबॅसिलस वगैरेंनी नाही. जपानी लोक सोयाबीनचा नाट्टो हा पदार्थ बॅसिलस सबटिलिसनेच आंबवतात. पण नाव नसलेल्या मिश्रणात बॅसिलस सिरिअससारखा विष तयार करणारा भाऊबंदही असू शकतो, म्हणून पुन्हा नावाचा आग्रह. पावडर मिसळताना तोंडाला रुमाल बांधा, नंतर हात धुवा.

पैसे बेताचे आहेत. आधी कशावर घालू?

सामू, अमोनिया आणि अल्कता मोजायचा किट. मग गरजेनुसार चुना. मग एरेटर, भाड्यानं का होईना. मग चांगलं खाद्य. आणि त्यातून उरले तर खाद्यात मिसळायचं प्रोबायोटिक. मला माहीत आहे की दुकानात हा क्रम कुणी सांगत नाही.

माती-पाणी तपासायला आणि विचारायला कुठे जायचं?

तालुक्याच्या मत्स्य खात्याच्या कार्यालयात, किंवा कृषी विज्ञान केंद्रात. बैलहोंगल तालुक्यात मत्तिकोप्प आणि गोकाक भागात तुक्कानट्टी अशी दोन केंद्रं जिल्ह्यात आहेत. कन्नड अडत असेल तर बरोबर कन्नड येणारा एखादा पोरगा न्या आणि आकडे कागदावर लिहून घ्या. माशांच्या रोगाची खोलात तपासणी हवी असेल तर मंगळूरचं मत्स्य महाविद्यालय, आणि मराठीत बोलायचं तर रत्नागिरीजवळ शिरगावचं.

नमुना नेताना मातीचा तळाच्या चार-पाच ठिकाणचा घ्या, एकत्र करून सावलीत वाळवा. पाण्याची बाटली तळ्याच्याच पाण्यानं तीनदा विसळा, हातभर खोल बुडवून तिथंच काठोकाठ भरून झाकण लावा, वर हवा राहू देऊ नका, आणि ओल्या फडक्यात गुंडाळून त्याच दिवशी पोचवा. बाटलीवर गाव, तळ्याचे गुंठे, खोली आणि पाणी भरल्याची वेळ लिहा.